गुणगुण तीनवर

आमच्या धंद्यात बांगडी फुटत नाही, वाढते. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, ही जुन्यांनी घालून दिलेली रीत. त्या रीतीने सांगायचं तर गेल्या सहा वर्षांत माझ्या हातून निम्म्या कराडच्या बांगड्या वाढल्या.

मी महेंद्र रासने. जातीनेही कासार आणि धंद्यानेही. मंडईमागच्या गल्लीत आमचं दुकान आहे, पणजोबांपासूनचं. आता दोन हजार एकेचाळीस साल उजाडलं, पोरी फोनसमोर हात धरतात, फोन माप घेतो आणि संध्याकाळपर्यंत डबा गच्चीवर येऊन पडतो. पण चुडा आणि डोहाळजेवणाच्या बांगड्या मात्र अजून कासारानेच भरायच्या असतात, कारण त्या घट्ट हव्यात आणि घट्ट बांगडी फोनला भरता येत नाही.

बांगडी भरणं म्हणजे जोर लावणं नव्हे. बाईचा हात हातात घ्यायचा, तिला माहेरचं काहीतरी विचारायचं, तिचं लक्ष तिकडे गेलं की हात सैल पडतो. मग अंगठ्याच्या मुळाचं हाड तळव्यात दाबायचं. ते एका क्षणी वळतं आणि हात निमुळता होतो. त्या क्षणाला बांगडी पुढे सरकवायची. क्षण चुकला की काच गेली. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटांना कळतो. माझे आजोबा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला रामराम घालता घालता बांगड्या भरायचे, आणि हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून बांगडी सरकवणाऱ्या कासाराला आमच्या घरात जेवायला बोलावत नसत.

मीही तसाच होतो. मग लग्नघरी विड्याबरोबर बाटली मिळू लागली आणि नको म्हणायला मी कुणाकडून शिकलो नव्हतो. पुढचं काय सांगायचं? दारूची गोष्ट सगळ्यांची सारखीच असते आणि ऐकायला कंटाळवाणी असते. माझ्यात वेगळं एवढंच, की एके दुपारी मी मंडईतून घरी आलो तेव्हा सुवर्णा, म्हणजे माझी बायको, माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "अहो, दुसरी चप्पल कुठंय?"

डाव्या पायात चप्पल नव्हती. ती कुठे गळली, मी किती वेळ अनवाणी चाललो, मला पत्ता नव्हता. तळव्याला काच लागून रक्त येत होतं, तेही मला तिनेच सांगितलं.

पायांमागून हात गेले. दिवसा बधिर आणि अंथरुणावर पडलं की तळहातावर मिरची वाटल्यासारखी आग. दोन पेग घेतले की ती दोन तास शांत व्हायची. दोनदा मी दारू सोडली आणि दोन्ही वेळा त्या आगीने मला परत गुत्त्यावर नेलं. व्यसनमुक्तीवाले म्हणायचे, आधी दारू सोडा, हातांचं नंतर बघू. नसांचे डॉक्टर म्हणायचे, आधी दारू सोडून या, मग औषध देतो. सासू म्हणते सुनेला विचार, सून म्हणते सासूला विचार, आणि पाहुणा दारात उभा.

गणपतीत आमच्या शर्वरीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी, पुलांची तपासणी करणारी अभियंता. कुठल्या खांबाला तडा गेलाय, कुठला पूल किती भार पेलेल, हे सांगणं तिचं काम. पाहुणे गेल्यावर ती माझ्यासमोर बसली.

"बाबा, वैशाखात लग्न आहे. चुडा मलकापूरच्या काकांकडून भरून घेणार आहे मी."

मलकापूरचा अरविंद माझा चुलतभाऊ. नदीपलीकडे त्याचं दुकान. कासाराच्या मुलीचा चुडा दुसऱ्या कासाराने भरायचा! माझ्या आजोबांनी ऐकलं असतं तर त्यांनी दुकानाला कुलूप लावलं असतं. ती रागावलेली असती तर मला बोलता तरी आलं असतं, पण ती अगदी शांत होती. वाकलेल्या खांबावर कुणी रागावत नाही, त्यावरून गाडी नेत नाही, एवढंच.

"चुडा भरताना बांगडी वाढली तर आईला ते जन्मभर खुपेल," ती म्हणाली. "मला नाही काही वाटणार. पण आईला वाटेल."

मला फार लागलं ते. आणि खरं सांगायचं तर ती बरोबर होती, म्हणून जास्त लागलं.

आठवड्याने सुवर्णा मला कोयनेच्या काठावरच्या एका नव्या केंद्रात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर निलोफर मुजावर माझ्या शर्वरीपेक्षा पाच-सात वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी मला दारूविषयी काहीच विचारलं नाही. पाय बघितले, हात बघितले, डोळ्यांत बॅटरी मारली, झोपेचं विचारलं, दात बघितले. दारू प्यायच्या आधीही उदास वाटायचं का, असं विचारलं. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. वडील गेल्यापासून वाटायचं, मी म्हणालो, आणि मला उगाचच रडू आलं.

"रासनेकाका," बाई म्हणाल्या, "दारू ही एकटी येणारी पाहुणी नाही. वऱ्हाड घेऊन येते. यकृत, झोप, नसा, उदासी. काही आधीच येऊन बसलेले असतात, काही मागून येतात. नुसत्या नवरीला हाकलून काय उपयोग? वऱ्हाड तिला परत बोलावतं. आम्ही सगळ्यांना एकदमच निरोप देतो."

"म्हणजे हातांसाठी आधी दारू सोडायला नको?"

"दोन्ही आजपासून."

त्या दिवशी पहिलं इंजेक्शन झालं. दारू पिणाऱ्याच्या अंगात एक जीवनसत्त्व टिकत नाही, आणि त्यावाचून लांब नसा टोकाकडून सुकत येतात, म्हणून आधी पाय जातात आणि मग बोटं. उदासीसाठी गोळी, झोपेसाठी वेगळा उपाय, यकृतासाठी पथ्य, आणि मनगटावर रबरासारखा एक पट्टा. तो पट्टा नसांमधला आगीचा निरोप हेरायचा आणि मनगटापाशीच त्याला हळुवार स्पंदनांनी अडवायचा. तिसऱ्या आठवड्यात मी सलग सहा तास झोपलो. उठलो तेव्हा सुवर्णा माझ्या नाकाशी बोटं धरून बसली होती, श्वास चालू आहे ना बघायला.

हात जळत नव्हते. आणि हात जळत नव्हते म्हणून गुत्त्याची आठवण आली तरी पाय तिकडे ओढले जात नव्हते. ही गोष्ट एवढी सोपी होती, याचा मला आजही राग येतो.

पण बधिरपणा होताच. "नस दिवसाला फार तर एक मिलिमीटर वाढते," बाई म्हणाल्या. माझ्या कोपरापासून बोटापर्यंतचं अंतर मोजलं तर वैशाख कधीच उलटून गेला असता. सरकारी कामसुद्धा याहून लवकर होतं.

तेव्हा बाईंनी एक उपकरण काढलं, त्याला त्या गुणगुण म्हणायच्या.

पाच पातळ वळी, साबणाच्या फेसासारखी हलकी, पाचही बोटांच्या दुसऱ्या पेरावर बसणारी. बोटांची टोकं मोकळीच राहतात. वळ्यांतून केसासारख्या तारा मनगटाच्या पट्ट्यात जातात आणि पट्ट्यावर एक चकती असते, शून्य ते दहा.

"तुमच्या नसा मेलेल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "पण त्यांचा उंबरठा उंच झालाय. काचेचा स्पर्श बारीक आहे, तो उंबरठ्यापर्यंत येतो आणि परत जातो. आत मेंदूला पत्ताच नाही. समजा भिंतीपलीकडे कुस्ती चाललीय आणि तुमची उंची कमी पडतेय. तुम्ही काय कराल?"

"उड्या मारीन."

"मग दिसेल?"

"अधूनमधून दिसेल."

"ही वळी तेच करतात. इतकी बारीक, वेडीवाकडी थरथर सोडतात की ती स्वतः तुम्हाला जाणवतच नाही. पण काचेचा स्पर्श उंबरठ्याशी आला की ही थरथर त्याला खालून उचलते. कधी हा कण आत जातो, कधी तो. हजार नसांमधून असे कण गेले की मेंदू त्यांची बेरीज करतो. थोडा गोंगाट मिसळला की कुजबुज ऐकू येते. विश्वास बसत नाही ना? मलाही शिकताना बसला नव्हता."

त्यांनी चकती हळूहळू फिरवली आणि तीनवर थांबल्या. सुवर्णाने पिशवीतून एक हिरवी बांगडी काढून माझ्या हातात दिली. मी ती बोटांत फिरवली. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग एक खडबडीत टिंब.

काचेच्या बांगडीला एक सांधा असतो. भट्टीत काचेची तार वाकवून जिथे टोकं जोडतात तिथे. चांगल्या बांगडीत तो डोळ्यांना दिसत नाही. सहा वर्षांत मला तो लागला नव्हता.

"सुवर्णा," मी ओरडलो, "सांधा! मला सांधा लागला!"

बाहेर बसलेले पेशंट दारात जमा झाले. सुवर्णा हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती, आणि मी टेबल, खुर्ची, बाईंच्या कोटाचं बटण, जे मिळेल ते चाचपत होतो. त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षातल्या सीटची शिवण मोजली. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी सुवर्णाला तिथेच सांगितलं. तिने चिमटा काढला. तोही लागला.

महिनाभरात मी पुन्हा दुकानात बसलो. मनगटावरचा पट्टा बघून बायकांना जोर आला. "काय ओ रासने, आता तुम्हीच बांगडी भरली व्हय?" पुरुषाला नामर्द म्हणायचं तर त्याच्या हातात बांगड्या भरल्यात असं म्हणतात. ही म्हण कुणा कासाराने काढलेली नसणार. कासाराला विचारा बांगडीत किती बळ लागतं ते.

आता माझा मूर्खपणा सांगतो.

माघात शनिवार पेठेतल्या थोरात वकिलांकडे सुनेचं डोहाळजेवण होतं. सहा वर्षांनी मला पहिलं मोठं बोलावणं. मी इस्त्रीचा सदरा घातला, हिरव्या बांगड्यांची पेटी घेतली आणि त्यांच्या जिन्यात मला एक विचार सुचला. तीनवर सांधा लागतो, तर आठवर काय काय लागेल! बाईच्या हाताची नाडी लागेल, हाडाच्या आतलं लागेल, आजोबांना कळत नव्हतं तेही कळेल. चमच्याने भागतंय, तर वाटीने किती भागेल? दारूतही माझं गणित हेच होतं. पण तेव्हा ते आठवलं नाही. मी चकती आठवर नेली.

पहिली बांगडी वाढली. बायका म्हणाल्या, होतं असं. दुसरी वाढली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तिसरी वाढली आणि काच त्या पोरीच्या मनगटात घुसली. गर्भार पोर, डोक्यात फुलांची वाडी, आणि हिरव्या शालूवर रक्ताचा थेंब.

थोरातांच्या आजी पुढे आल्या. त्यांच्या लग्नाचा चुडा माझ्या आजोबांनी भरलेला. त्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "महेंद्रा, आज घेऊन आलायस का रे?"

घेतलेली असताना असं कुणी विचारलं की मी भांडायचो. त्या दिवशी घेतली नव्हती तर भांडायलाही थांबलो नाही. पेटी उचलली आणि निघालो.

कोपऱ्यावर गुत्ता होता. तिथे दोन बस येऊन गेल्या एवढा वेळ उभा राहिलो. मग रिक्षा केली आणि केंद्रात गेलो.

मुजावरबाई जेवत होत्या. डबा बाजूला सारून त्यांनी सगळं ऐकलं.

"कितीवर होतं?"

"आठ."

"आठ?" बाई हसल्याच. मला राग आला. त्यांनी हात धुतले आणि ब्रशच्या केसासारखा एक नायलॉनचा धागा घेऊन आल्या. डोळे मिटायला सांगितलं. "लागला की सांगा."

चकती शून्यावर असताना काही लागलं नाही. एकवर, दोनवर अधूनमधून. तीनवर दहापैकी नऊ वेळा. चारवर सहा. पुढे कमी कमी होत गेलं, आणि आठवर तर त्यांनी धाग्याऐवजी पेन टेकवलं तरी मी गप्पच होतो.

"बघा. ही टेकडी आहे, जिना नव्हे. थोड्या गोंगाटाने कुजबुज ऐकू येते, जास्त गोंगाटात गोंगाटच ऐकू येतो. आठवर तुमची बोटं काचेचं नाही, नुसतं गुणगुणीचं ऐकत होती. आणि तुम्हाला वाटत होतं आपल्याला फार कळतंय."

"मग दहापर्यंत चकती ठेवलीतच कशाला? कुलूप घाला तीनवर."

"थंडीत तुम्हाला चार लागेल, नसा भरत आल्या की दोन, मग एक. रोज तुमच्या हाताला विचारून तुम्हीच लावायचंय. कुलपाची किल्ली मी ठेवली तर बोटं माझी होतील." मग त्यांनी कागद जवळ ओढला. "गुत्त्यापुढे उभे राहिलात, आणि आत नाही गेलात. का?"

मी खरंच विचार केला. "हात जळत नव्हते, बाई. लाज होती, राग होता. पण जळत नव्हतं. जळत असतं तर मी आत असतो."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं आणि अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली. ती खाताना मला जरा बरं वाटलं.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. शर्वरी आलेली. मी सगळं सांगितलं, आठचं, टेकडीचं, आजींचं. वाटलं ती म्हणेल, मलकापूरच्या काकांना पक्कं सांगते. ती थोडा वेळ बोटांनी टेबल वाजवत राहिली.

"बाबा, नवा पूल झाला की आम्ही लोकांचं ऐकत नाही आणि कागदही बघत नाही. भरलेले ट्रक आणून उभे करतो. वाकतो किती, परत येतो किती, मोजतो. तुमची चाचणी घेऊ?"

"कसली?"

"पंचवीस हात. मी निवडणार. घट्ट बांगड्या. प्लास्टिकची पिशवी नाही."

सुवर्णा आतून ओरडली, "पोरीनं बापाला खांब केला!" पण तिच्या आवाजात हसू होतं.

रविवारी सकाळी आमच्या दुकानापुढे जत्रा भरली. शर्वरीने कराडमधले अवघड हात हुडकून आणले होते. रोज शंभर भाकऱ्या थापणारी खानावळवाली, जिचा तळवा पाट्यासारखा. तालमीतली एक पैलवान पोरगी. जुळ्यांची आई, जिची मुलं दोन्ही बाजूंनी तिचा हात ओढत होती. कोर्टातल्या एक बाई, ज्या भरतानाही फोनवर तारीख मागत होत्या. सुवर्णाने चहाचं पातेलं चढवलं. एकेक हात पार पडला की बायका टाळ्या वाजवायच्या. पैलवान पोरीच्या हातात बांगडी सरकली तेव्हा तिने मला उचलूनच घेतलं. तीनवरची माझी बोटं प्रत्येक हाडाशी बोलत होती. बोलत कसली, मुकाट्याने ऐकत होती. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

बावीस हात झाले. तेविसावा हात निवृत्त शिक्षिका असलेल्या कुलकर्णीबाईंचा. संधिवाताने सांधे फुगलेले. "मला दोन-चारच्याच मापाची हवी," त्या म्हणाल्या, "लग्नापासून माझं तेच माप." मी हाड दाबलं. ते वळत आलं, थोडं अडलं. मी सरकवली.

बांगडी वाढली.

शर्वरीने हातातला तक्ता खाली ठेवला. "कारण?"

कासाराकडे या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर असतं, काचेत बुडबुडा होता. पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. कुणी तपासत नाही. ते माझ्या जिभेवर आलंही होतं.

"कळलं होतं मला," मी म्हणालो. "हाड पुरतं वळलेलं नाही हे बोटांना स्वच्छ कळलं होतं. तरी मी रेटली. बावीस झाले होते, पंचवीस करायचे होते."

कुलकर्णीबाई म्हणाल्या, "चूक माझीही आहे. माप बदललंय माझं." पण शर्वरी त्यांचं ऐकत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरत आले होते.

"सहा वर्षांत तुम्ही मला एकदाही खरं कारण सांगितलं नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी बुडबुडा असायचा." मग तिने तक्त्यावर काहीतरी लिहिलं. "चुडा तुम्ही भरा. मलकापूरचे काका शेजारी बसतील. राखीव."

"राखीव तर राखीव," मी म्हणालो, आणि उरलेले दोन हात भरले.

वैशाखात, लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या दारात मांडव होता आणि ऊन असं की मांडवाखालीही अंगाला चटके. पाटावर शर्वरी, तिच्यापुढे मी, आणि माझ्या उजव्या हाताला अरविंद, मांडीवर लाडवांची बशी घेऊन. राखीव असण्याचा त्याला काही राग नव्हता. बशी भरलेली होती तोवर तरी नव्हता.

डाव्या हातात दहा, उजव्यात अकरा. मी हात धुतले, मुजावरबाईंच्या नायलॉनच्या धाग्याने बोटं तपासली, चकती तीनवर ठेवली. शर्वरीचा हात हातात घेतला. हा हात मी ती पाच वर्षांची असताना रस्ता ओलांडताना धरायचो, त्यानंतर कधी धरला ते आठवेना. रुंद हाडाचा, आईवर गेलेला. मी तिला पुलांविषयी विचारलं. ती बोलायला लागली की थांबत नाही.

डाव्या हातात दहा गेल्या. उजव्यात एक, दोन, पाच, सात. दोन-चारच्या, अशा घट्ट की एकमेकींवर वाजेनात. जुन्या बायका मान डोलवत होत्या. अरविंदने लाडू खाणं थांबवलं होतं. दहावी गेली तेव्हा कुणीतरी हळद-कुंकवाचं ताट घेऊन पुढे सरकलं, झालंच म्हणून.

अकरावी मी बोटांवर चढवली आणि अंगठ्याचं हाड दाबलं. ते वळेना. उन्हाने आणि तासभराच्या दाबण्याने हात सुजला होता. मी पुन्हा दाबलं. वळत आलं, आणि थोडं अडलं.

"हं, घाला की," मागून कुणीतरी म्हणालं. सुवर्णाचा श्वास मला ऐकू येत होता. चुड्यातली शेवटची बांगडी मोठ्या मापाची घालणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. कासाराची हार. आणि अरविंद हातभर अंतरावर बसलेला. जोर लावला असता तर कदाचित गेलीही असती. शंभरातल्या नव्वद वेळा जाते.

मी बांगडी मागे घेतली. एकेका सांध्यावरून, सावकाश, आणि काढून पेटीत ठेवली.

"ही जाणार नाही," मी मोठ्याने म्हणालो. "सुवर्णा, दोन-सहाची दे."

सुवर्णाने बांगडी दिली. ती शर्वरीच्या हातात अलगद गेली, बाकीच्या दहांच्या पुढे सैल पडली आणि वाजली. त्या एवढ्या हातभर हिरव्या काचेत तेवढी एकटीच वाजत होती.

अरविंदने बशी खाली ठेवली. "मी असतो तर रेटली असती," तो म्हणाला. "आणि वाढली असती बहुतेक."

चुडा भरून झाला की नवरीने कासाराला नमस्कार करायचा असतो, विडा द्यायचा असतो. पण बापच कासार असला तर काय करायचं, यावर बायकांत लगेच वाद सुरू झाला. कुणी म्हणालं, बापाचा नमस्कार उद्या आहेच. कुणी म्हणालं, विडा अरविंदरावांना द्या. त्या गडबडीत शर्वरी पाटावरून उठली, वाकली आणि दोन्ही हात माझ्या पायांवर ठेवले. तिच्या हातांची ऊब माझ्या तळव्यापर्यंत आली. पायांत वळी नव्हती. पायांच्या नसा आठ महिने मिलिमीटर मिलिमीटर करत आपल्या आपण येऊन पोचल्या होत्या.

"शरू, उद्या करायचाय बापाला," सुवर्णा म्हणाली.

"हा बापाला नाही, आई," ती वाकलेलीच म्हणाली. "हा कासाराला. थांबला म्हणून."

ती उठताना ती बांगडी पुन्हा वाजली. मी आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं, आणि मग मला बघून तिला, आणि मग सगळ्या मांडवाला. अरविंदने विड्याचं ताट उचलून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "घ्या शेठ. मला लाडूच पुरेत."